विषय: पाडव्याला ‘वसंतोत्सव’ म्हणायचं का?

कार्यक्रम समिती, मेलबर्न

नमस्कार मंडळी,

शनिवारी 21 मार्चच्या कार्यक्रमाला ‘वसंतोत्सव’ नाव द्यायचं घाटतंय. पण काही पालकांची हरकत आहे. इथे 1 मार्चला ऑटम लागला, पानं पिवळी पडायला लागलीत, आणि आपण पोरांना वसंत शिकवणार? काका, तुम्ही सध्या ठाण्यात आहात, तिकडे काय हवा? शिवाय ‘पाडव्याला दिवस-रात्र समान असतात’ असं पत्रकात टाकतोय, चालेल ना?

काका, ठाण्याहून

ते वाक्य आधी काढा. पाडवा चंद्रावर चालतो. 2024 ला 9 एप्रिल, 2025 ला 30 मार्च, यंदा 19 मार्च. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, अधिक महिना आला की परत पुढे जातो. मार्चचा संपात, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, मात्र 20-21 तारीख सोडत नाही. यंदा दोघं शेजारी आले, हा निव्वळ योगायोग. संपाताला धरून चालते ती आपली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली, 22 मार्च 1957 पासून लागू. तिचा 1 चैत्र संपातानंतर एक-दोन दिवसांत येतो. घरात ती कोणी पाळत नाही म्हणा.

हवा विचाराल तर घामाच्या धारा. येऊरचा पळस ओसरत आला, आमच्या गेटापाशी कडुलिंबाला तांबूस पालवी फुटलीय, एवढाच काय तो वसंत. सप्टेंबरच्या संपाताला तर इथे छत्रीच हातात असते, कारण मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. आणि मग ऑक्टोबर हीट! सहा ऋतू पंचांगात, ठाण्यात तीनच.

एक पालक, मेलबर्न

पण काका, संपाताला तरी दिवस-रात्र समान असतात ना? शाळेत तसंच शिकवलंय.

काका, ठाण्याहून

अगदी समान नाहीत. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो, आणि वातावरण प्रकाश वाकवतं म्हणून ती कड जरा आधीच दिसते. ठाण्यात दिवस बारा तासांपेक्षा साधारण सात मिनिटं मोठा भरतो. खरे समान दिवस-रात्र इथे संपाताच्या साधारण सहा दिवस आधीच होऊन जातात.

पोरांना भाषण नको, काठी द्या. मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि सकाळपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. एरवी खड्यांची रांग वाकडी येते, संपाताच्या आसपास ती जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम पडते. माध्यान्हाला सावली मोजा. मी इथे गच्चीवर पावणेएकला मोजेन, साधारण 35 सेंटिमीटर, उत्तरेकडे. तुमच्याकडे अजून डेलाइट सेव्हिंग आहे, म्हणून दीडला दोन-तीन मिनिटं कमी असताना बघा: 78 च्या आसपास, दक्षिणेकडे. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतची रेघ काठीशी जो कोन करते, तो माझ्याकडे 19 अंशांचा, तुमच्याकडे 38 चा. बेरीज 57, तेवढंच आपल्या दोन गावांमधलं अक्षांशांचं अंतर. भूमितीच्या वर्गात हे इतकं सोपं कुणी दाखवलं नव्हतं.

कार्यक्रम समिती, मेलबर्न

नाव आता साधं ‘पाडवा मेळावा’. काठीचा कार्यक्रम नक्की. गुढीचीच काठी वापरली तर?

काका, ठाण्याहून

नको. वरच्या तांब्यामुळे सावलीचं टोक नीट कळत नाही. झाडूचा दांडा मीटरभर कापून घ्या, आणि ओळंबा लावून उभा करा.