पुरात लोकल, बस, एसटी: तुम्ही उतरलात की बसून राहिलात?

काल रुळांवर पाणी चढलं नि लेकीचा फोन आला, "आई, गाडी कधीची उभीच आहे, उतरू का?" घशाला कोरड पडली माझ्या. 26 जुलै 2005 ला हाच प्रश्न घेऊन मी शीव-कुर्ल्याच्या मध्ये अंधार पडेपर्यंत बसले होते. शेवटी उतरलो, डब्यातल्या सात-आठ जणी, ओढण्या एकमेकींच्या मनगटाला बांधून. सगळ्यांची नजर वर, तारेवर. पायाशी उघडं गटार असेल हे एकीच्याही मनात आलं नाही. पायाखालून सरकणारी खडी तळव्यांना अजून आठवते. लेकीला "बसून राहा" म्हटलं. बरोबर केलं ना?

पागोळी: अगदी बरोबर! त्या दिवशी मी फोर्टातून निघाले. कुलाब्याला जेमतेम 73 मिमी, सांताक्रूझला 944! आम्हाला वाटलं नेहमीचाच पाऊस. माहीत असतं तर ऑफिसातच झोपले असते.

खाडीपलीकडे: मी डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर रात्र काढली. कंडक्टर काकांनी खालच्या सगळ्यांना वर घेतलं. कुणाकडे तरी पार्ले-जी होता, एकेक बिस्कीट वाटून खाल्लं. देव भलं करो त्यांचं.

महाडची_माहेरवाशीण: लोकल निदान थांबते हो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल गेला, दोन एसट्या गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत झाला, पण आई अजून रात्रीच्या गाडीत महाड आलं की उठून बसते. पूल ओलांडला की मगच डोळा लागतो तिचा.

डोंबिवलीकर: फास्ट सुरू झाल्या का आता?

पागोळी: स्लो चालू आहेत, रखडत. निघू नका.

वांगणी_लोकल: 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्याकडे अडकली. हजारावर माणसं, चहूकडे उल्हास नदीचं पाणी. रेल्वे सांगत होती उतरू नका. बोटी आल्यावरच लोक उतरले, सगळे सुखरूप. बसून राहायचं.

खाडीपलीकडे: ताई, लेक पोचली का?

धागाकर्ती: पोचली गं, अकराला. स्टेशनपासून गुडघाभर पाण्यातून आली. वरणभात खातेय.

पागोळी: पायाला खरचटलंय का बघा. असेल तर लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळीसाठी आजच डॉक्टरांकडे न्या, 72 तासांच्या आत घ्यावी लागते.