घाटरस्त्याने येणारे रक्तनमुने : सीरम घ्यावे की प्लाझ्मा?

प्रश्न : नमस्कार. जैवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील मधुमेही रुग्णांचे व तुलनेसाठी नाशिक शहरातील निरोगी व्यक्तींचे रक्त घेऊन त्यातील ग्लुकोज, लॅक्टेट आणि अमिनो आम्ले मोजायची आहेत. तालुक्यांतले नमुने प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत काही तास जातात. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घ्यावे की प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव), आणि रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) न फिरवता बर्फात ठेवून आणले तर चालेल का?

उत्तर १ : ट्यूबमध्ये घेतल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात, साध्या तापमानाला ते तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते, तर लॅक्टेट वाढत जाते. एप्रिल-मेच्या उन्हात हा वेग आणखी वाढतो. फ्लोराइडची ट्यूब लॅक्टेट लवकर स्थिर करते, परंतु फ्लोराइड ज्या एनोलेज विकराला (एन्झाइमला) रोखते तो ग्लुकोज-विघटनाच्या साखळीत बराच उशिरा येत असल्यामुळे पहिला तास-दोन तास ग्लुकोज घटतच राहते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बर्फामुळे हा वेग मंदावतो, मात्र त्याच नमुन्यात पोटॅशियम मोजणार असाल तर ते खोटे वाढलेले दिसेल.

उत्तर २ : मी ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या ट्यूबमधला प्लाझ्मा सुचवेन. सीरमसाठी रक्त गोठेपर्यंत सुमारे अर्धा तास थांबावे लागते आणि त्या काळात प्लेटलेट्समधून काही पदार्थ बाहेर पडतात. रक्तपेशी फुटल्या असतील तर त्यांतील आर्जिनेज या विकरामुळे आर्जिनिन हे अमिनो आम्ल घटून ऑर्निथिन हे दुसरे वाढते, म्हणून पेशी फुटून लालसर झालेला प्लाझ्मा वापरू नये.

मला खरी चिंता आपल्या आराखड्याची वाटते. रुग्ण सगळे दूरचे आणि निरोगी सगळे शहरातले असतील, तर दिसणारा फरक आजाराचा की प्रवासाचा, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. दोन्ही गट एकाच भागातून घ्यावेत, किंवा निदान रक्त घेतल्यापासून प्लाझ्मा वेगळा करेपर्यंतचा वेळ सर्वांसाठी सारखा ठेवून तो प्रत्येक नमुन्यापुढे नोंदवावा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे, सर. दोन्ही गट तालुक्यांतूनच घेईन. तिथल्या आरोग्य केंद्रात सेंट्रिफ्यूज मिळाले, तर पुढे काय करावे?

उत्तर २ : रक्त घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत फिरवून प्लाझ्मा छोट्या कुप्यांत वाटून घ्या, कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) नाशिकला आणा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. एका चाचणीला एक कुपी पुरेल असे भाग करा, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही.