मदत हवी आहे: पद्मिनी गाडीवरची जुनी लांबी (पत्र्यावर भरलेली पुट्टी) कशी काढावी?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय.

काकांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी दिवाळीपासून शेडमध्ये घेतली आहे. इंजिन लागलं, ब्रेक झाले. म्हटलं आता रंग मारला की सुटलो. ड्रायव्हरच्या दाराखाली रंगाला रुपयाएवढा फुगा होता. तो पेचकसाने टोकरला, तर तळहाताएवढी लांबी खपलीसारखी निघाली. वर गुलाबी, तिच्याखाली पिवळट, तिच्याखाली राखाडी. म्हणजे किमान तीन डेंटरांचा हात फिरलाय. सगळ्यात आत तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला. त्यावरची 'करडई' ही अक्षरं अजून वाचता येतात!

मग लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवला. छताला, बॉनेटला चिकटतो. मागची दोन्ही मडगार्डं, दारांचा खालचा वीतभर भाग आणि डिक्कीची कड इथे मात्र सरळ खाली पडतो, म्हणजे तिथे जाड लांबी.

एका मडगार्डावर ग्राइंडरला ३६ नंबरची डिस्क लावून पाहिली. धुरळा असा उडाला की शेजारच्या काकूंच्या कुरडया गुलाबी झाल्या (ते प्रकरण अजून मिटलेलं नाही). त्याहून वाईट म्हणजे पत्रा तापला आणि आता दाबला की टक्‌टक् आत-बाहेर होतोय. आमचे डेंटर चाचा म्हणाले, "हात मत लगाव बाबा, गाडी उसपेच खडी है." बनी तो बनी, नहीं तो परभणी!

उरलेली लांबी हीट गनने (गरम हवेने) काढू, रंग उतरवायचं रिमूव्हर लावू की सँड ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याला) पाठवू? आणि मृगाच्या आत हे उरकत नसेल तर उघडा पत्रा कसा राखायचा?

पत्राप्रेमी, लातूर:
ग्राइंडर आधी खाली ठेवा. जाड थराला हीट गनच बरी. लांबी मऊ झाली की बोथट पटाशीने खरवडायची, धूर निघेपर्यंत तापवायची नाही. शेवटचा पापुद्रा ८० नंबरच्या पेपरने हाताने घासा. तोंडाला रुमाल नको, चांगला मास्क लावा. मागच्या मडगार्डाला हात घालण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा, हे विसरू नका. रिमूव्हर रंगाला ठीक आहे. जाड लांबीला तो फारसा दाद देत नाही आणि सांध्यात राहिला तर पुढे नवा रंग उचलतो. वाळूचं ब्लास्टिंग छत-बॉनेटवर अजिबात नको, सपाट पत्रा वाकतो. तुमचं टक्‌टक् म्हणजे पत्रा उष्णतेने ताणला गेलाय. तो आवळून घ्यायला जुना, मुरलेला डेंटर लागेल. लांबी भरून लपवू नका, नाहीतर चौथा थर तुमच्या नावावर.

वाघिणीचा_बाप, जालना:
चाचा थट्टा करत नाहीत हो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालचा उंबऱ्यासारखा भाग सडला असेल तर तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाईप वेल्ड करा, आणि एका वेळी एकच बाजू घ्या. नाहीतर गाडी मधोमध बसेल आणि दारं पुन्हा लागणार नाहीत. मीही एकदा हाच शहाणपणा केलाय. पावसाचं म्हणाल तर सगळी गाडी एकदम उघडी करू नका. जेवढा भाग साफ होईल त्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर ओल पितो, त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. टाकी उतरवायला घेतलीय, चाचा उद्या पाईप घेऊन येतायत. एकच राहिलं: तेलाच्या डब्याचा तुकडा काढल्यावर मागे मूठ जाईल एवढं भोक आहे आणि आत बोट घातलं की गंजाचा भुगा येतोय. नवा पत्रा लावण्याआधी आतली पोकळी कशाने साफ करता तुम्ही?