एनआयपीटी 'हाय रिस्क', सोनोग्राफी नॉर्मल: आत्ता सीव्हीएस की थांबून ॲम्नियो?

मेघना_प

नमस्कार मंडळी. मला तेरावा आठवडा चालू आहे, वय २९, पहिलीच वेळ. एनआयपीटीच्या (आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीच्या) रिपोर्टमध्ये ट्रायसोमी २१ आणि १८ ला 'लो रिस्क' आहे, पण ट्रायसोमी १३ (तेरावं गुणसूत्र दोनऐवजी तीन) समोर 'हाय रिस्क' आलंय. फीटल फ्रॅक्शन (माझ्या रक्तातल्या डीएनएत बाळाचा वाटा) ९ टक्के. एनटी स्कॅनही झालं: एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) १.५ मिमी, नाकाचं हाड दिसलं, ठोके, डोकं, पोटाची भिंत सगळं ठीक लिहिलंय.

फीटल मेडिसिनच्या डॉक्टर म्हणाल्या, सोळाव्या आठवड्यात ॲम्नियो (सुईने गर्भजल काढून तपासणं) करू, सीव्हीएस (वारेचा नमुना काढून तपासणं) नको. मला हे कळत नाहीये. चाचणी ९९ टक्के अचूक आहे असं पत्रकावर छापलंय, मग बाळाला आजार असण्याची शक्यताही ९९ टक्केच ना? आणि खात्री करायचीच आहे तर सीव्हीएस आत्ताच होतं, तीन आठवडे कशाला काढायचे? जाऊबाई म्हणतात, दुसरीकडे जा आणि सीव्हीएस करून मोकळी हो. रात्री झोप लागत नाही. नुसतं "धीर धर" नको, कारण सांगा कोणीतरी.

सुखदा

मेघना, मी सीव्हीएस केलं होतं. सुईपेक्षा भीतीच जास्त होती, आणि उत्तर लवकर मिळाल्याचं मला बरं वाटलं. पण माझ्या स्कॅनमध्येच एनटी खूप वाढलेलं होतं आणि हृदयातही दोष दिसत होता. थांबून काही हाती लागणार नव्हतं. तुझं स्कॅन स्वच्छ आहे, त्यामुळे माझ्यावरून तू ठरवू नकोस. इथे रंजनाताई लॅबमधल्या आहेत, त्या नीट सांगतील.

रंजना_सायटो

मेघना, मी सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या, लॅबमध्ये काम करते. ॲम्नियोचं पाणी आणि सीव्हीएसचे नमुने, दोन्ही रोज हाताखालून जातात. तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. का, ते सांगते.

एनआयपीटी थेट बाळाला तपासतच नाही. तुझ्या रक्तात ज्याला बाळाचं डीएनए म्हणतात ते वारेतून आलेलं असतं. वारेच्या बाहेरच्या थरातल्या ट्रोफोब्लास्ट पेशी सतत झडतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात. १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पोटात मुलगा असलेल्या बायकांच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्राचं डीएनए सापडतं हे दाखवलं. त्याआधी संशोधक आईच्या रक्तात बाळाच्या अख्ख्या पेशी शोधत होते, आणि त्या इतक्या विरळ असतात की त्यावर रोजच्या वापराची चाचणी उभी राहीना. पेशी बाजूला काढल्यावर उरणाऱ्या प्लाझ्मात डोकावायचं लोंना सुचलं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं. २०११ पासून ही चाचणी प्रत्यक्ष वापरात आली आणि कितीतरी बायकांची सुई टळली. पण डीएनए वारेचं आहे ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

वार आणि बाळ एकाच फलित अंड्यातून होतात हे खरं. तरी पहिल्या काही दिवसांतच वाटा वेगळ्या होतात. गर्भाच्या गोळ्यातल्या आतल्या मोजक्या पेशींपासून बाळ घडतं, बाहेरच्या थराची वार होते. पेशी विभागताना चूक झाली आणि ती बाहेरच्याच पेशींत राहिली, तर वारेत तीन १३ आणि बाळात दोनच, असं होऊ शकतं. उलटही घडतं: सुरुवातीला सगळीकडेच तीन असतात, पुढे बाळाच्या पेशींतलं जादा गुणसूत्र गळून पडतं आणि वारेत मात्र राहतं. कॅलौसेक आणि डिल यांनी १९८३ मध्येच याचं वर्णन केलं होतं, एनआयपीटी येण्याच्या कितीतरी आधी. सीव्हीएसच्या साधारण १ ते २ टक्के नमुन्यांत अशी सरमिसळ (काही पेशींत तीन, काहींत दोन) दिसते आणि बहुतेक वेळा ती वारेपुरतीच असते.

आता ते ९९ टक्के. त्याचा अर्थ एवढाच, की ट्रायसोमी १३ असलेल्या १०० गर्भांपैकी ९९ ही चाचणी पकडते. तुझा प्रश्न वेगळा आहे: रिपोर्ट 'हाय रिस्क' आला, तर बाळाला खरंच ते असण्याची शक्यता किती? तुझ्या वयाच्या आसपास १ लाख गर्भांमागे २० मध्ये ट्रायसोमी १३ आहे असं समजू. ते जवळपास सगळे सापडले. उरलेल्या ९९,९८० निरोगी गर्भांत चाचणी १० हजारांमागे ४ वेळा चुकते असं धरलं, तर ४० जणींना विनाकारण 'हाय रिस्क' मिळतं. एकूण ६० जणींच्या हातात तुझ्यासारखा रिपोर्ट, आणि त्यातल्या २० जणींचाच खरा. म्हणजे तिघींत एक. त्यात तुझं स्कॅन स्वच्छ असल्याने शक्यता आणखी खाली येते. किती खाली ते डॉक्टर तुझा रिपोर्ट बघूनच सांगतील. पत्रकावर मोठ्या टायपात ९९ छापतात आणि हे दुसरं गणित कुठेच नसतं, याचा मला मनापासून राग येतो. त्यापायी बायका रात्र रात्र रडतात.

आणि सीव्हीएस का नको? कारण सीव्हीएसमध्येही वारेचाच तुकडा घेतात. एनआयपीटीने वारेवर शंका घेतली, आणि खात्रीसाठी आपण पुन्हा वारेलाच विचारायचं. लॅबमध्ये आम्ही त्यातल्या आतल्या गाभ्याच्या पेशी वाढवून बघतो, त्या बाळाच्या जास्त जवळच्या असतात. तरीही सरमिसळ दिसली की आमच्या रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ येते: 'ॲम्नियो करावी.' एनआयपीटीनंतर केलेल्या सीव्हीएसमध्ये असं होण्याची शक्यता ट्रायसोमी २१ ला साधारण पन्नासात एक आहे, पण १३ ला जवळपास पाचात एक. म्हणजे दोन सुया, आणि मधले दिवस आणखी वाईट. २१ साठी विचारलं असतंस तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. १३ आणि स्वच्छ स्कॅन, या जोडीला ॲम्नियोच.

ॲम्नियोच्या पाण्यात बाळाच्या स्वतःच्या पेशी असतात, त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या. १५ आठवड्यांच्या आधी ती करत नाहीत, कारण फार लवकर केली तर गर्भपाताचा आणि बाळाची पावलं वाकडी होण्याचा धोका वाढतो.

मेघना_प

रंजनाताई, इतकं नीट मला कोणीच सांगितलं नव्हतं. तिघींत एक हे वाचून पहिल्यांदा जरा श्वास घेतला. दोन गोष्टी राहिल्या. ॲम्नियोनंतर रिपोर्टला किती दिवस? आणि गर्भपाताची भीती खरंच १ टक्का असते का? सगळीकडे तेच वाचतेय.

डॉ_सोनो

आधी स्कॅनबद्दल. ट्रायसोमी १३ च्या बहुतेक गर्भांत बाराव्या-तेराव्या आठवड्यातच काही ना काही दिसतं: मेंदूचे दोन अर्धगोल वेगळे न होणं, बेंबीपाशी आतडी बाहेर असणं, मूत्राशय फुगलेलं, ठोके फार जलद. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काही नाही, ही खरोखर चांगली बाजू आहे, पण त्यावर थांबता येत नाही. ॲम्नियोच्या आधी पुन्हा नीट स्कॅन होईलच. मध्ये काही दिसलं तर बेत बदलेल, हेही डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

तो १ टक्का डेन्मार्कमधल्या १९८६ च्या अभ्यासातून आला. ४,६०६ बायका, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केलेले. काम उत्तम होतं, पण तेव्हाची सोनोग्राफी आजच्यासारखी नव्हती. अलीकडच्या मोठ्या आढाव्यांत सुईमुळे होणारा जादा धोका ०.१ ते ०.३ टक्के निघतो. सरावलेला हात आणि सुईचं टोक पूर्ण वेळ स्क्रीनवर दिसणं, यावर बरंच अवलंबून असतं.

रंजना_सायटो

दिवसांचं सांगते. पाणी आलं की त्याचे दोन भाग होतात. एका भागावर क्यूएफ-पीसीआर किंवा फिश या झटपट चाचण्या, त्यात १३, १८, २१ आणि एक्स-वाय यांचं उत्तर साधारण दोन-तीन दिवसांत कळतं. दुसरा भाग कल्चरला, म्हणजे पेशी वाढवायला, जातो आणि त्याला दहा-चौदा दिवस लागतात. ते दिवस आम्हाला कमी करता येत नाहीत. पाणी फिकट पिवळसर असतं, त्यात जिवंत पेशी थोड्याच. पहिले काही दिवस सूक्ष्मदर्शकाखाली काहीच घडत नाही असं वाटतं, मग काचेला चिकटलेल्या पेशींची छोटी बेटं दिसू लागतात. ती भरली की विभागणी अर्ध्यात थांबवून गुणसूत्रं पसरवायची आणि जीम्सा रंग द्यायचा. पट्टे उठेपर्यंत १३, १४ आणि १५ ओळखू येत नाहीत, आकार जवळपास सारखाच. पट्टे उठले की १३ वेगळं दिसतं. आणि आम्ही एकाच बेटावर विसंबत नाही, वेगवेगळ्या भांड्यांतली बेटं मोजतो. जादा गुणसूत्र एकाच बेटात दिसलं तर ते बहुधा भांड्यात वाढताना आलेलं असतं, बाळाचं नव्हे.

नमुना घेताना पहिले एक-दोन मिली बाजूला काढतात, आईच्या पेशी मिसळू नयेत म्हणून. तुझं थोडं रक्तही मागतील, त्याच्याशी ताडून बघायला. ते मागितलं म्हणून घाबरू नकोस.

क्यूएफ-पीसीआर नॉर्मल आलं तरी कल्चर थांबवायला सांगू नकोस. आणि जादा १३ निघालंच, तर ते सुटं आहे की १४ सारख्या दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं, हे कल्चरमध्येच कळतं. चिकटलेलं असेल तर तुम्हा दोघांचीही गुणसूत्रं तपासावी लागतात, पुढच्या वेळेसाठी त्याचा फार उपयोग होतो.

सगळं नॉर्मल आलं तर डॉक्टरांना एक विचार: शेवटच्या तिमाहीत वाढीची स्कॅन्स किती करायची? बाळ ठीक असलं तरी वारेत दोष असू शकतो आणि त्यामुळे वाढ मागे पडू शकते. आणि कोणीही, अगदी कोणीही, नुसत्या एनआयपीटीच्या कागदावर गर्भपाताचा सल्ला दिला, तर ऐकू नकोस.

मेघना_प

रक्ताचं आणि वाढीच्या स्कॅनचं लिहून घेतलं. सोळाव्या आठवड्याची वेळ घेतली आहे. जाऊबाईंनाही हा धागा वाचायला दिलाय. रिपोर्ट आला की इथे लिहीन.