पागडीची खोली, डब्यांचे उत्पन्न आणि अमेरिकेतील आर्थिक साहाय्याचा अर्ज

गिरगावची_आई

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी शाळेत सेमी-इंग्रजीतून झाले. गणिताची तिला मनापासून ओढ आहे आणि पदवीसाठी अमेरिकेतील नावाजलेल्या विद्यापीठांत अर्ज करायचे तिने ठरवले आहे. यजमान एका खासगी कंपनीत लिपिक आहेत. कपात जाऊन महिना अडतीस हजार रुपये त्यांच्या हाती येतात. मी घरून पोळी-भाजीचे डबे देते. त्यातून खर्च वजा जाता पंधरा हजारांच्या आसपास सुटतात, पण ते रोख किंवा अलीकडे यूपीआयवर येतात, त्यांचा वेगळा हिशेब असा कधी ठेवला नाही. आम्ही सासऱ्यांच्या काळापासून पागडीच्या खोलीत राहतो. गुहागर तालुक्यात वडिलोपार्जित घर आणि थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर नऊ नावे आहेत आणि त्यांतले एक यजमानांचे आहे.

मध्यंतरी एका समुपदेशन संस्थेत चौकशीला गेलो होतो. तेथील गृहस्थांनी सांगितले की आर्थिक साहाय्य मागितले की परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज बाजूला पडतो, म्हणून आधी 'साहाय्य नको' असे लिहावे आणि प्रवेश निश्चित झाल्यावर मागावे. डब्यांचे उत्पन्न आणि गावची जमीन दाखवूच नये, असेही ते म्हणाले. नंतर त्यांनी स्वतःच्या शुल्काचा आकडा सांगितला, तो साडेतीन लाखांचा होता, आणि आम्ही चहा अर्धा टाकून उठलो. शुल्काचे सोडून देऊ, पण त्यांचे पहिले दोन सल्ले मनातून जात नाहीत. ते खरे आहेत का? आणि ज्या घराचे निम्मे व्यवहार कागदावर नाहीत, त्या घराने असा अर्ज प्रामाणिकपणे भरायचा कसा? ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

बॉस्टनहून_परत

ताई, पहिला सल्ला सरसकट चुकीचा आहे आणि काही ठिकाणी तो घातक ठरतो. मी डोंबिवलीचा आहे, पूर्ण साहाय्यावर तिकडे पदवी घेऊन परत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या बाबतीत विद्यापीठांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील विद्यापीठे प्रवेशाचा निर्णय घेताना साहाय्याची मागणी विचारातच घेत नाहीत, परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही नाही. यालाच 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट यांचे हे धोरण जुने आहे. डार्टमथ आणि बोडिन यांनी २०२२ मध्ये ते परदेशी विद्यार्थ्यांना लागू केले आणि ब्राउनने २०२५ च्या प्रवेशापासून. दुसरा वर्ग 'नीड-अवेअर' विद्यापीठांचा आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला निधी तेथे मर्यादित असतो, त्यामुळे ज्याला मोठी मदत लागणार आहे त्याच्याकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. स्टॅनफर्ड या वर्गात येते. तुम्हाला भेटलेल्या गृहस्थांनी या दुसऱ्या वर्गाची गोष्ट सगळ्यांवर लावली, आणि तीही अर्धीच सांगितली. कारण अर्जाच्या वेळी ज्या परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले नाही, त्याला स्टॅनफर्डमध्ये पुढे चारही वर्षे ते मागता येत नाही, आणि दुसऱ्या वर्गातील इतर अनेक ठिकाणी नियम याच धर्तीचा आहे. म्हणजे 'आधी नको म्हणा, मग मागा' असे केल्यास हातात प्रवेशपत्र आणि समोर वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलरचा खर्च, अशी अवस्था होते.

मात्र दुसरा वर्ग पूर्णपणे टाळावा असेही माझे म्हणणे नाही. स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर, वेल्सली ही मुलींची महाविद्यालये याच वर्गातील आहेत. ज्या मुलीला ती प्रवेश देतात तिची गरज भागवण्याचा त्यांचा प्रयत्न असतो आणि तुमच्या मुलीने त्यांचा विचार अवश्य करावा. मी अर्ज करत होतो तेव्हा आमच्या इमारतीत हार्वर्डखेरीज दुसरे नाव कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे माझ्या यादीवर शेजाऱ्यांचाच प्रभाव जास्त होता.

नातेवाईक 'टाटांची शिष्यवृत्ती घ्या' असे म्हणतील, तेव्हा एक फरक लक्षात ठेवा. जमशेटजींनी १८९२ मध्ये स्थापन केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे आणि तिचे स्वरूप कर्जाऊ शिष्यवृत्तीचे आहे. ती आत्ता उपयोगाची नाही. कॉर्नेल विद्यापीठातील टाटा शिष्यवृत्ती मात्र भारतात शिकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या पदवी शिक्षणासाठीच आहे आणि ती गरजेवर दिली जाते. गुणवत्तेवरील शिष्यवृत्ती हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीग या अमेरिकेतील जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातील आठांपैकी कोणीच देत नाही, त्यामुळे 'ऐंशी टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो' असे या विद्यापीठांच्या बाबतीत कोणी म्हटले तर तेथूनही चहा टाकून उठावे.

गरज किती हे तुम्ही ठरवत नाही, विद्यापीठ ठरवते. पण तुमच्या उत्पन्नाच्या घराला धास्ती बाळगण्याचे कारण नाही. एमआयटीने २०२५ पासून वर्षाला एक लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या आणि मालमत्ता बेताची असलेल्या कुटुंबांकडून काहीही न घेण्याचे ठरवले आहे, आणि तुमचे वार्षिक उत्पन्न त्याच्या दशांशाहूनही कमी आहे. म्हणूनच उत्पन्न लपवण्याच्या सल्ल्यातला फायदा मला कळत नाही. डब्यांचे महिना पंधरा हजार दाखवल्याने तुमच्याकडून मागितल्या जाणाऱ्या रकमेत फारसा फरक पडणार नाही. ते लपवल्याचे उघड झाले तर मात्र प्रवेश रद्द होतो, आणि शिक्षण चालू असतानाही तो रद्द होऊ शकतो.

दादरचे_सीए

वरील प्रतिसाद योग्य आहे. मी केवळ कागदपत्रांपुरते लिहितो, कारण गेली काही वर्षे अशा चार-पाच कुटुंबांची कागदपत्रे मी पाहिली आहेत.

बहुतेक विद्यापीठे कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेचा 'सीएसएस प्रोफाइल' हा आर्थिक साहाय्याचा अर्ज मागतात. तो दरवर्षी १ ऑक्टोबरला खुला होतो आणि आकडे रुपयांतच भरता येतात. यजमानांचा फॉर्म १६, विवरणपत्र आणि पगाराच्या पावत्या एवढ्यावर त्यांची बाजू पूर्ण होते. तुमचे वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास दिसते. जुन्या कररचनेतही करमुक्त मर्यादा अडीच लाखांची आहे, त्यामुळे तुम्ही विवरणपत्र भरले नाही यात काहीही गैर नाही आणि अर्जात तसे निःसंकोच लिहावे. आजपासून एक वही घाला. रोज किती डबे गेले, किती पैसे आले, धान्य, भाजी आणि गॅसवर किती गेले, एवढे चार रकाने पुरेत. यूपीआयच्या नोंदी बँकेच्या पासबुकात येतातच. वही आणि पासबुक एकमेकांशी जुळले की त्यावर तुम्ही सही केलेले साधे निवेदन पुरते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा, पण त्यातील आकडा आणि अर्जातील आकडा एकच असेल याची काळजी घ्या. शिष्यवृत्तीसाठी आपल्याकडे उत्पन्न कमी करून दाखले काढण्याची जी सवय लागली आहे, ती येथे अंगाशी येते. एकाच वर्षाचे दोन आकडे दिसले की तपासणाऱ्याचा सगळ्याच कागदांवरचा विश्वास उडतो. मराठीतील कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

आता पागडी. अर्जात घर स्वतःचे की भाड्याचे, असा प्रश्न येतो. तुम्ही भाडेकरू आहात, भाडेपावती तुमच्याकडे आहे, तेव्हा 'भाड्याचे' हेच उत्तर खरे आहे. परंतु तेवढ्यावर थांबू नये असे माझे मत आहे. अर्जात विशेष परिस्थिती सांगण्यासाठी मोकळी जागा असते. तेथे लिहावे की मुंबईत जुन्या इमारतींमध्ये पागडी नावाची पद्धत आहे. मालकी घरमालकाची असते, भाडेकरू नाममात्र भाडे देतो, भाडेहक्क हस्तांतरित करता येतो आणि त्या वेळी रकमेचा काही भाग मालकाला द्यावा लागतो. आणि आमचे कुटुंब त्याच खोलीत राहत असल्याने ती विकून शिक्षणाचा खर्च करणे शक्य नाही. गिरगावातील भाव पाहून कोणी शंका काढण्याआधी आपणच सांगितलेले बरे. प्रिन्स्टन आणि हार्वर्ड राहत्या घराची किंमत तशीही हिशेबात धरत नाहीत, पण सर्वच विद्यापीठांचे तसे नाही.

गावच्या जमिनीचेही असेच करावे. सातबारा जोडा, नऊ सहधारकांपैकी एक आणि वाटणी झालेली नाही असे लिहा, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी मूल्यांकनाच्या, दराने एकूण किंमत काढून त्यातील यजमानांच्या हिश्श्याचा आकडा द्या. कोकणातील सामाईक जमिनीचा एक हिस्सा विकणे किती अवघड असते हे आपल्याला सांगायला नको. त्यांना मात्र ते दोन वाक्यांत सांगावे लागते.

निवृत्त_उपप्राचार्या

पैशांच्या कागदांबद्दल वर पुरेसे आले आहे, पण मुंबईतील मुलांचे अर्ज बहुधा शैक्षणिक कागदांवर अडतात, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेत नववी ते बारावी हा सलग चार वर्षांचा कालखंड धरतात. आपल्याकडे दहावीनंतर मूल शाळा सोडते, त्यामुळे नववी-दहावीची गुणपत्रके शाळेतून आणि अकरावी-बारावीची महाविद्यालयातून आणावी लागतात, आणि दोन्ही ठिकाणी असा कागद यापूर्वी कोणी मागितलेला नसतो. शाळेत आत्ताच जाऊन या. ज्या शिक्षकांनी तिला ओळखले ते अजून तेथे असतील आणि शाळेलाही कौतुक वाटेल.

शिफारसपत्रांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. दोन विषयशिक्षकांची पत्रे लागतात आणि एक पत्र शाळेच्या समुपदेशकाचे. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत असे पद बहुधा नसते. उपप्राचार्य किंवा प्राचार्य ती जबाबदारी घेऊ शकतात आणि मी स्वतः ती घेतली आहे. शंभर-सव्वाशे मुलांच्या तुकडीत शिक्षकांना नाव आठवणेही कठीण असते, त्यात क्लासमुळे मुले वर्गात येत नाहीत. तुमच्या मुलीने अकरावीपासून गणिताच्या शिक्षकांना शंका विचारायला भेटत राहावे. 'ती अत्यंत हुशार आणि नम्र आहे' या छापाच्या पत्राचा उपयोग होत नाही. तिने कोणते उदाहरण कोणत्या वेगळ्या रीतीने सोडवले, हे लिहिणारा शिक्षक हवा.

आणखी एक अडचण वेळापत्रकाची आहे. नियमित अर्जांची मुदत साधारणपणे १ ते ५ जानेवारी असते, म्हणजे आपल्या पूर्वपरीक्षांच्या ऐन दिवसांत. निर्णय मार्चअखेर येतात आणि बारावीचा निकाल त्यानंतर लागतो, त्यामुळे निर्णय घेताना त्यांच्यासमोर घटक चाचण्या, सत्र परीक्षा आणि अकरावीचे गुण एवढेच असतात. 'अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष' हा आपल्याकडील समज येथे महागात पडतो. सेमी-इंग्रजीचे शिक्षण असल्याने टोफेल किंवा डुओलिंगोची इंग्रजीची परीक्षाही धरून चाला, आणि एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांना एसएटी किंवा एसीटी या प्रवेशचाचण्यांचे गुण आता पुन्हा आवश्यक झाले आहेत.

ठाण्याचा_बाबा

मी थोडा कडू बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी नऊ ठिकाणी पूर्ण साहाय्य मागून अर्ज केले आणि नवांच्या नऊ ठिकाणांहून नकार आला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांचा एकूण प्रवेशदरच शंभरात पाचाच्या आत आहे आणि परदेशी अर्जदारांसाठी तो त्याहूनही कमी पडतो. नीड-ब्लाइंड म्हणजे तुमची गरिबी आड येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या वर्षी निबंध लिहिण्याच्या नादात मुलाने सीईटीचा अभ्यास सोडला नाही, हा आमच्या घरातील एकमेव शहाणपणाचा निर्णय ठरला. तो आज इथेच अभियांत्रिकीला आहे आणि मजेत आहे. अर्ज जरूर करा, पण घरात त्याची वाच्यता कमी ठेवा. मार्चमध्ये नातेवाईकांचे फोन घेणे मला नकारांपेक्षा जड गेले.

गिरगावची_आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. वही आजच आणली. बाबांचे म्हणणेही मुलीला वाचून दाखवले. सीईटी सोडणार नाही असे ती म्हणाली. आता एकच विचारायचे राहिले. समजा सर्व जमून आले आणि साहाय्यही पूर्ण मिळाले, तरी आम्हाला रोख किती पैसे बाजूला ठेवावे लागतील?

बॉस्टनहून_परत

निघण्याआधीचे खर्च सर्वांत आधी येतात. अर्जाचे शुल्क प्रत्येक ठिकाणी साधारण ७५ ते १०० डॉलर असते, पण उत्पन्न कमी असल्यास अनेक विद्यापीठांसाठी एकच अर्ज भरण्याच्या कॉमन अ‍ॅपवर त्याची माफी मागता येते आणि उपप्राचार्यांनी त्याला दुजोरा दिला की बहुतेक ठिकाणी ती मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर वेगळे भरावे लागतात, व्हिसाचे शुल्क निराळे. मुलाखत मुंबईतच, बीकेसीतील अमेरिकी वकिलातीत होते, तेवढा प्रवासखर्च मात्र वाचतो. पहिल्या विमानप्रवासाचे पैसे अनेक विद्यापीठे साहाय्यात धरतात, परंतु ते आधी मिळतील की तिथे पोचल्यावर, हे पत्र येताच विचारून घ्या. मला पोचल्यावर मिळाले होते आणि तिकीट मामाच्या क्रेडिट कार्डावर काढावे लागले होते.

एक खर्च मला कोणीच सांगितला नव्हता. साहाय्यातील शिकवणी शुल्काचा भाग करमुक्त असतो, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेली रक्कम अमेरिकेत उत्पन्न समजली जाते आणि परदेशी विद्यार्थ्याच्या त्या रकमेवर १४ टक्के कर आधीच कापला जातो किंवा विद्यापीठाच्या बिलात दिसतो. माझ्या पहिल्या सत्राच्या बिलात ही ओळ पाहून मी रात्रभर झोपलो नव्हतो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तेथील प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातील ठरावीक रकमेवर करमाफी, मिळते, त्यामुळे वर्षअखेर विवरणपत्र भरल्यावर कापलेल्यापैकी बरेचसे परत येते. तोवर ते पैसे उभे करावे लागतात. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. मी ग्रंथालयात केले आणि पहिल्या वर्षाचा कर त्यातूनच भागवला.

दादरचे_सीए

ताई, वहीबरोबर सातबाराही आत्ताच काढून ठेवा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी गुहागरला जायला नको. नऊ नावांत कोणी हयात नसेल तर वारसनोंद झाली आहे का तेही पाहा. त्या दुरुस्तीला महिने लागतात आणि ऑक्टोबर जवळच आहे.