मदत हवी आहे: ट्यूबलेसला दोरी पुरेल की आतून पॅच मारावा?

मंडळी, कारच्या मागच्या टायरात स्क्रू घुसला होता. टायर ट्यूबलेस, नक्षी अजून चांगली शिल्लक. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने टायर न खोलताच भोक खरवडलं, सोल्युशन लावून चिकट दोरी खुपसली आणि वरचं शेपूट ब्लेडने उडवलं. साबणाच्या पाण्याला तेव्हा बुडबुडा नव्हता. तरी हवा रोज थोडी उतरतेच. ३३ पीएसआय भरली की सकाळी ३० च्या आसपास. व्हॉल्व्ह ठीक आहे.

दुसरा म्हणतो, टायर रिममधून काढून मशरूम पॅच मारा. दांडा भोक बुजवतो, टोपी आतून हवा अडवते. मला पटतं. नुसत्या पॅचने भोकातून पाणी शिरून आतल्या तारा गंजतात, आणि दोरी मारताना टायर आतून कुणी बघतच नाही.

खरी अडचण अशी की भोक नक्षीच्या अगदी कडेला, खांद्याजवळ आहे. साइडवॉलचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं, पंक्चर काढत नाहीत हे माहीत आहे, पण खांद्याचं काय? गणपतीला सगळं बिऱ्हाड घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला जायचंय. पॅचवर भागेल की टायरच बदलू? आणि बदलायचा तर एकच चालेल, की जोडीच घ्यावी लागेल? कोल्हापुरात मशरूम पॅच नीट मारणारं कुणी असेल तर तेही सांगा.