यकृताचा उजवा भाग जन्मतःच नसणे : निदान पक्के कसे होते?

प्रश्न (तासगाव)
माझ्या आईचे वय ५८ आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून सांगलीत सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे आढळले आणि ‘यकृताचा उजवा लोब दिसत नाही, सीटी स्कॅन करावा’ असे अहवालात लिहून आले. तिला कधी कावीळ झालेली नाही. नातेवाईक मात्र ‘लिव्हर सुकले’ असेच म्हणू लागले आहेत आणि त्या धास्तीने तिने जेवण निम्म्यावर आणले आहे. एवढा मोठा भाग जन्मापासूनच नसू शकतो का?

उत्तर १ (रेडिओलॉजिस्ट, मिरज)
नसू शकतो, पण हे फार दुर्मीळ आहे. सीटीमध्ये आम्ही केवळ यकृताचा आकार पाहत नाही, तर उजवी यकृत शीर, पोर्टल शिरेची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेची) उजवी शाखा आणि उजव्या पित्तनलिका शोधतो. या तिन्हींचा मागमूसही नसेल, तरच जन्मजात अभाव म्हणतो. सिरॉसिसमुळे (यकृत व्रणांनी कठीण होण्यामुळे), पित्तनलिकेच्या कर्करोगामुळे किंवा रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे तो भाग नंतर आक्रसला असेल, तर या शिरा-नलिकांपैकी काहीतरी, बारीक का होईना, सापडते. जन्मजात अभावात पोर्टल शीर यकृतात शिरते ती थेट डावीकडे वळते, उजवीकडे फाटा फुटतच नाही. रिकाम्या जागेत बहुधा मोठ्या आतड्याचे वळण सरकलेले असते, आणि त्यातील वायू आड येत असल्यामुळे एकट्या सोनोग्राफीवर विसंबू नये.

उत्तर २ (शल्यचिकित्सक, कराड)
खड्यांची शस्त्रक्रिया ठरल्यास हा अहवाल शल्यचिकित्सकांना आवर्जून दाखवा. अशा रुग्णांत पित्ताशय नेहमीच्या जागी नसून यकृताच्या मागे असू शकते, त्यामुळे आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून नलिकांची मांडणी पाहिलेली बरी. काहींमध्ये पोर्टल शिरेतील दाब वाढून अन्ननलिकेतील शिरा फुगतात, म्हणून एंडोस्कोपीबद्दलही विचारा.

उत्तर ३ (वाई)
माझ्या आत्याच्या पोटात उजवीकडे हाताला गाठ लागत होती आणि आम्ही कर्करोगाच्या भीतीने खचलो होतो. सीटीमध्ये तो रीडेलचा लोब, म्हणजे यकृताच्या उजव्या भागाचा जिभेसारखा खाली लांबलेला तुकडा निघाला. उपचार काहीच लागले नाहीत.

प्रश्नकर्ता
सीटी झाला. पोर्टल शिरेची उजवी शाखा, उजवी यकृत शीर आणि उजव्या पित्तनलिका नाहीत. डावा भाग वाढलेला आहे, सिरॉसिसची लक्षणे नाहीत. एमआरसीपी गुरुवारी आहे. अहवाल आईला वाचून दाखवला, तेव्हा काल रात्री तिने अख्खी भाकरी खाल्ली.